बुधवारी न सांगता गेले, तेव्हा

ठाकुर्लीहून बोलतेय. मागून लोकलचा आवाज आला, तर सांभाळून घ्या.

आमची आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला कूससुद्धा बदलता येईना. आई-बाबा सकाळीच लोकल पकडणार, मी कॉलेजला. म्हणून तिला जवळच्याच एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. दर रविवारी ११ वाजता भेटायला जायचो. वेणी घातलेली, पावडर लावलेली, चादर स्वच्छ. आम्ही खूश!

एका बुधवारी लेक्चर रद्द झालं आणि मी न सांगताच गेले. आजी ओल्या डायपरमध्ये. पाठ बघितली, तर माकडहाडाजवळ जखम. बेडसोअर. १० पेशंटना एकच मावशी. म्हणाली, "एकटी किती जणांना वळवू गं?" तिच्यावर चिडताही येईना.

स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. म्हणून जागा बघायला गेलात की एसी-टीव्हीचं राहू द्या. विचारा, रात्री माणसं किती? कूस बदलल्याची नोंद कुठे लिहिता? आणि भेटायला दरवेळी वेगळ्या वेळी जा. अडचण आली, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे: १४५६७. सकाळी ८ ते रात्री ८, मोफत.

आजी आता घरी आहे. दिवसा एक ताई येतात, रात्री आमच्या पाळ्या. १० वाजताची कूस माझी. हा बघा, अलार्म वाजला. चला, पळते!