माळ्यावरचा कॉम्प्युटर



अजिंठ्याच्या चित्रांना धूर लागू नये म्हणून पर्यटकांच्या गाड्या आपल्या फर्दापूरच्या टी पॉइंटलाच थांबवतात. जपायचं म्हणजे घातक गोष्ट आधी दूर करायची. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती आतच बसलेली असते.

286, 386च्या मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते. ती गळली की तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. म्हणून ठेवण्याआधी बॅटरी काढा. फ्लॉपीला बुरशी लागण्याआधी त्यातला मजकूर उतरवून घ्या. यंत्र पत्र्याखाली किंवा जमिनीवर नको, कोरड्या खोलीत फळीवर असू द्या. बंद खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर बदला. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर फुटून धूर निघतो.

1984-85मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या अनेक शाळांत बीबीसी मायक्रो आले. एका पिढीने पहिली कळ त्यावर दाबली. असं एखादं यंत्र तुमच्या माळ्यावर किंवा एखाद्या शाळेच्या कपाटात दिसलं, तर भंगारवाल्याआधी मला फोन करा. मी स्वतः न्यायला येईन.