प्रथमच घर भाड्याने देताना

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, अहवालाचे वाचन झाले, आणि आता भोजनापूर्वीचा थोडा वेळ कार्यकारी मंडळाने माझ्या स्वाधीन केला आहे. मी कायदेपंडित नाही. वडिलोपार्जित घर प्रथमच भाड्याने देताना ज्या चुका केल्या, त्यांतून जे शिकलो तेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढे आपण ठाणे जिल्ह्याचे झालो आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे. या काळात आपल्या घरोघरची मुले नाशिक, ठाणे, मुंबईकडे गेली आणि मागे राहिली ती कुलूपबंद घरे. दुसरीकडे शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, आश्रमशाळांतील कर्मचारी बाहेरगावांहून जव्हार-मोखाड्यास येतात आणि बिऱ्हाडासाठी जागा शोधीत हिंडतात. एकाजवळ घर आहे पण माणूस नाही, दुसरा माणूस आहे पण त्याला घर नाही. या दोघांची गाठ नीट पडावी, हाच माझ्या भाषणाचा हेतू आहे.

वडिलांच्या पश्चात आमचे जव्हारचे घर सात वर्षे बंद होते. वाळवीने दोन वासे पोखरल्यावर आम्हां तिघा भावांचे डोळे उघडले. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या परिचारिकाबाई लहान मुलासह बिऱ्हाड शोधीत आल्या. मी दोन महिन्यांची अनामत घेतली आणि किल्ली दिली. कागद केला नाही, भावांना विचारले नाही, आणि ‘पावसापूर्वी कौले परतून घेतो’ असा शब्द मात्र दिला.

तो शब्द मी पाळला नाही. आपल्याकडचा पाऊस काय असतो हे मी आपणांस सांगावयास नको. आषाढात स्वयंपाकघरात पातेली मांडण्याची पाळी आली. बाईंनी दोनदा कळविले. ‘आता पावसात कौलांवर कोण चढणार, दसऱ्यानंतर पाहू,’ असे मी उत्तर दिले. ओलीने मुलाचा खोकला हटेना, तेव्हा श्रावणात त्यांनी घर सोडले. दुसरी जागा मिळाली नाही म्हणून पुढे बदलीही मागून घेतली. वर मी रंगसफेदीच्या नावाखाली त्यांची अनामत अडवून ठेवली. तेव्हा आमच्या घरातून प्रश्न आला, “अहो, गळके घर देऊन वर पैसेही ठेवता, हे कोणत्या हिशेबात बसते?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. अनामत परत पाठविली, क्षमाही मागितली. परंतु गेलेली परिचारिका परत आली नाही.

बंधुभगिनींनो, हे केवळ माझ्या घराचे नुकसान नव्हते. १९९२-९३ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष आपल्या तालुक्याकडे वेधले, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. अशा भागात एक परिचारिका राहाण्याच्या गैरसोयीमुळे निघून जाते, तेव्हा तिच्या वाट्याच्या पाड्यांवरील बाया-मुलांचा आधार जातो. आपल्या एका खोलीचा संबंध किती दूरवर पोचतो, हे मला तेव्हा कळले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट घरातल्या संमतीची. वडिलोपार्जित घर बहुधा अनेक वारसांच्या नावे असते. सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी आणि भाडे कोणी घ्यावे, दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, शिल्लक कशी वाटावी, हे आधीच ठरवावे. भाऊबंदकीचे मूळ पुष्कळदा न लिहिलेल्या हिशेबात असते.

दुसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?’ असे आपण म्हणतो. परंतु ओळख टिकावी म्हणूनच कागद करावयाचा असतो. लीव्ह अँड लायसन्स कराराचे मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्यावर शेकडा पाव रुपया या दराने बसते. अनामत परत करावयाची असली तरी तिच्यावरील मानीव व्याज त्या हिशेबात धरतात. नोंदणी आता संगणकावरूनही होते. भाडे, अनामत, मुदत, वीजबिल, पाणीपट्टी, किरकोळ दुरुस्ती, सोडण्यापूर्वीची सूचना, हे सारे करारात स्पष्ट असावे. मिळालेल्या भाड्याची पावती दरमहा द्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळवावी. भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडणे हा मार्ग नव्हे. कायद्यास तो मान्य नाही आणि माणुसकीसही नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आपल्यापैकी कोणी आदिवासी बांधवाची जागा पट्ट्याने घेऊन तीवर खोल्या बांधण्याचा विचार करीत असेल, तर त्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ प्रथम वाचावे. बिगरआदिवासी व्यक्तीस अशी जमीन पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने घ्यावयाची झाली तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढील व्यवहारास शासनाची पूर्वमान्यताही लागते. हा निर्बंध अडचण म्हणून पाहू नये. ज्यांच्या जमिनी पूर्वी सावकारीत गेल्या, त्यांच्या रक्षणासाठी तो आहे.

चौथी गोष्ट हिशेबाची. घरभाडे हे उत्पन्न आहे आणि ते आयकराच्या विवरणात दाखविले पाहिजे. भरलेली घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या रकमेतून शेकडा ३० इतकी ठोक वजावट मिळते. आलेल्या भाड्यातून एक वाटा दुरुस्तीसाठी वेगळा काढावा. कौले परतणे, रिपा बदलणे, पन्हळी साफ करणे ही कामे वैशाखातच उरकावीत. मृग लागल्यावर कारागीर मिळत नाही आणि मिळाला तरी तो छपरावर उभा राहू शकत नाही.

पाण्याविषयीही खरे तेच सांगावे. मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे, त्याचे पाणी मुंबईस जाते, आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळ किती वेळ येतो, विहीर कधी आटते, हे भाडेकरूस किल्ली देण्यापूर्वीच सांगितले, तर चैत्रात वाद होत नाहीत.

शेवटी एक नाजूक गोष्ट, आणि ती मी ज्ञातीच्याच व्यासपीठावरून बोलणार आहे. त्या बाईंनंतर एक शिक्षक दांपत्य घर पाहावयास आले, तेव्हा आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूस घेऊन विचारले, “मंडळी आपल्यातली आहेत का?” मी म्हणालो, “काका, ती आपल्या मुलांना शिकवावयास आली आहेत.” आपली मुले पुण्या-मुंबईस खोली शोधीत फिरतात, तेव्हा त्यांना हाच प्रश्न विचारला गेला की आपल्या जिवाला लागतो. मग तो आपल्या ओटीवर येणाऱ्यास आपण कोणत्या तोंडाने विचारावा? भाडेकरूची नोकरी पाहावी, वर्तणूक पाहावी, पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करावी. ज्ञातीची एकी परस्परांच्या साहाय्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी दार लावून घेण्यासाठी नाही.

ते दांपत्य आज पाचवे वर्ष आमच्या घरी आहे. करार वेळोवेळी नवा होतो, कौले दर वैशाखात परतली जातात, आणि संध्याकाळी त्या घरात दिवा लागतो. आपल्यापैकी ज्यांची घरे बंद आहेत, त्यांनी या सुटीत एकदा जाऊन कुलूप उघडावे, छप्पर पाहावे आणि भावंडांना एकत्र बसवावे, एवढीच माझी विनंती आहे.