भय, विस्मय आणि उत्साह

(चिंचवड येथील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांपैकी भयानक, अद्भुत आणि वीर या तीन रसांचे स्थायिभाव अनुक्रमे भय, विस्मय आणि उत्साह हे होत. आजचे भयपट, ॲनिमेशनपट आणि साहसपट याच तीन भावांवर उभे आहेत. त्यामुळे त्यांचे गुणदोष पारखण्यासाठी परकी फूटपट्टी शोधण्याचे कारण नाही. ज्या भावासाठी चित्रपट निर्माण झाला, तो भाव शेवटपर्यंत टिकला का आणि त्यातून प्रेक्षकाच्या पदरात काय पडले, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. कारखान्यांच्या आधाराने येथे वसलेल्या असंख्य कुटुंबांत आजी-आजोबा गावी राहिले, आई-वडील पाळ्यांमध्ये गुंतले आणि मुलांच्या हाती मोबाइल आला. पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट पूर्वी आजी सांगत असे आणि भीती वाटली तर नातवंडे तिच्याच कुशीत शिरत. आज ती गोष्ट पडदा सांगतो; भ्यालेल्या मुलाला जवळ घेणारे मात्र अनेकदा घरात कोणी नसते.

प्रथम भयपटांचा विचार करू. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा अलीकडच्या काळातील सर्वांत सकस भयपट म्हणावा लागेल. कोकणातील कोसळता पाऊस, पडका वाडा आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणारी सुवर्णमुद्रांची हाव यांतून तेथे भय साकारते. त्यातील हस्तर हा देव पुराणांतला नाही, कल्पित आहे. पण लोभाचा शेवट विनाशात होतो, हे सूत्र आपल्या परंपरेतलेच आहे. प्रथम प्रदर्शनात या चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद लाभला. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरली. कसदार कृतीला प्रेक्षक उशिरा का होईना भेटतो, याचे हे उदाहरण. मात्र त्याला प्रमाणपत्र केवळ प्रौढांसाठीचे आहे, हे मोबाइल मुलाच्या हाती देताना विसरले जाते.

विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटाने उसाच्या फडात भय उभे केले आणि त्याचे मूळ स्त्रीभ्रूणहत्येच्या पापात दाखवले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे केवळ ८९४ मुली होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे ते भूत कोणत्या घरांतून बाहेर पडले, हे वेगळे सांगावे लागत नाही. याउलट आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) शंभर कोटींच्या पुढे गेला. कोकणातील लोकश्रुती त्याने देशभर पोहोचवली, हे त्याचे श्रेय. परंतु क्षणोक्षणी पेरलेल्या विनोदाने भय विरून जाते आणि मुंजीसारख्या संस्काराचा अर्थ बाजूला पडून मागे उरतो तो केवळ एक खोडकर बागुलबुवा. मराठी मातीतले हे भय ‘तुंबाड’ आणि ‘मुंज्या’ या दोन्ही चित्रपटांत हिंदीतून सांगावे लागले, याचाही विचार मराठी निर्मात्यांनी करावा.

आता ॲनिमेशनपटांकडे वळू. जपानचे युगो साको यांनी राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंतांना सोबत घेऊन हाताने रेखाटलेल्या चित्रांतून रामायण साकारले. तो चित्रपट १९९३ चा. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा आला. साधने जुनी असूनही विस्मय तसाच ताजा आहे, कारण त्यामागे अभ्यास आणि श्रद्धा आहे. आपल्याकडे ‘हनुमान’ (२००५) मुलांनी उचलून धरला. पण ‘रिटर्न ऑफ हनुमान’ (२००७) मध्ये मारुतीला आजच्या शाळेत धाडून थट्टामस्करीवर अधिक भर दिला गेला. अश्विन कुमार यांच्या ‘महावतार नरसिंह’ (२०२५) या चित्रपटाने मोठे नट नसतानाही प्रचंड यश मिळवले आणि आपल्या कथांना प्रेक्षक नाही, हा समज खोडून काढला. त्याची भव्यता निर्विवाद आहे. तथापि युद्धप्रसंग लांबतात आणि काही चेहरे निर्जीव वाटतात. प्रह्लादाच्या कथेचा प्राण नरसिंहाच्या नखांपेक्षा त्या बालकाच्या निर्भयतेत आहे. तिला आणखी अवकाश हवा होता.

साहसपटांत ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांनी शिवकाल नव्या पिढीच्या दारी आणला. उणीव आहे ती संयमाची. प्रत्येक वाक्य घोषणा झाले आणि प्रत्येक घाव संथ गतीने दाखवला की पराक्रम दिसतो, पण त्यामागची योजना दिसत नाही. या दृष्टीने जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) पुन्हा पाहावा. चिंचवडच्या चापेकर बंधूंचे साहस त्यात कोणत्याही गडगडाटाशिवाय मनात उतरते.

असेच एक साहस चाकणमध्ये आहे. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत लढले, त्याच सुमारास चाकणचा संग्रामदुर्ग शायिस्तेखानाच्या वेढ्यात होता. फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर मावळ्यांनिशी तो भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला; तरीही शत्रूची चाकरी न पत्करता ते महाराजांकडे परतले. पाळीच्या गाड्या रोज ज्या गावातून धावतात, तेथला हा इतिहास प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

म्हणून चित्रपटांवर बहिष्कार किंवा आंधळे कौतुक, या दोन्हींऐवजी घरातला संवाद वाढवावा. २०२४ च्या नियमांनुसार आता सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा वयोगटांची प्रमाणपत्रे मिळतात. ती पालकांनी पाहावीत. आठवड्याच्या सुटीत एक चित्रपट सर्वांनी एकत्र पाहावा. त्यानंतर मुलांना विचारावे : भीती कशाची वाटली? नवल कशाचे वाटले? आपण त्या जागी असतो तर काय केले असते? आणि पुढच्या रविवारी त्यांना संग्रामदुर्गाच्या तटापाशी न्यावे. तेथे फिरंगोजींची कथा आई-वडिलांनी स्वतःच्या तोंडून सांगावी. ती ऐकणाऱ्यांतूनच उद्याचा एखादा दिग्दर्शक घडेल.