अग्रशाळेच्या पायरीवर
(गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



या प्रसंगी अभिनंदनाचे चार शब्द बोलावेत, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असेल. अभिनंदन मनःपूर्वक करतो. परंतु ही पारितोषिके आपण नेमकी कशाला देतो, ही शंका काही वर्षे मनात घर करून आहे. ती मांडण्याची अनुज्ञा असावी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि महाविद्यालयांचे वर्ग भ्रमणध्वनीवर भरू लागले. पणजी-मडगावच्या सदनिकांतील आपल्या मुलांना व्याख्याने स्वतःच्या खोलीत ऐकू येत. सत्तरी, सांगे येथील डोंगराळ गावांतले विद्यार्थी 'रेंज'साठी टेकडीवर चढून, पावसात छत्री धरून बसत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातील ४२ टक्के शहरी कुटुंबांकडे आंतरजालाची सोय होती. ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्क्यांकडे. गोव्याची स्थिती सरासरीहून बरी, हे मान्य; पण टेकडीवर बसलेल्या मुलीला त्या सरासरीचा काय उपयोग? मनोरे नकोत म्हणून ग्रामसभांत विरोध करणारेही आपल्यातलेच, हेही विसरू नये.

साथ ओसरली तरी प्रश्न मिटलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. अर्जही संगणकावरच. मी जन्मभर कारकुनी केली. कागद उशिरा आला तर कारण नोंदवून तो साहेबांपुढे ठेवण्याची मुभा आम्हांस असे. संकेतस्थळाची मुदत मध्यरात्री संपली की संपली.

आता आपल्या घरचे सांगतो. सेवेकऱ्यांच्या मुलांनाही आपण ही पारितोषिके देतो. २०२१ साली छाननी मजकडे होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीचा अर्ज मी स्वतः बाजूला काढला. अट साठ टक्क्यांची, तिला अठ्ठावन्न. नियमात मी चुकलो नाही. पुढे कळले की ती याच अग्रशाळेच्या पायरीवर बसून व्याख्याने ऐकत असे. कचेरीतील वायफाय तेवढ्यापर्यंत पोचे. दुपारी एक वाजता कचेरी बंद करताना यंत्राचे बटणही बंद करावे, वीज वाचते, ही सूचना माझीच होती. तिचे प्रात्यक्षिकांचे वर्ग दुपारी दोनला असत.

त्या वर्षीच्या यादीतील मुले हुशार होती, यात संशय नाही. परंतु त्या गुणांत बुद्धी किती आणि घरातील तार किती, हे मला सांगता आले नसते.

म्हणून माझी सूचना अशी : अग्रशाळेच्या तळमजल्यावरील एक खोली, दोन संगणक व जोडणीसह, रात्री नऊपर्यंत गावातील कोणाही विद्यार्थ्यासाठी उघडी ठेवावी. खर्च चांदीच्या ढालींच्या रकमेतून भागेल. ठराव सचिवांकडे लेखी दिला आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.