पुनरुत्थानाचे सामर्थ्य आणि अंतरीचा झगडा

ख्रिस्ती धर्मश्रद्धेत पुनरुत्थानाला असलेल्या मध्यवर्ती स्थानाची यथार्थ कल्पना ख्रिस्तेतर समाजात सहसा आढळत नाही. येशूला क्रुसावर खिळले, कबरीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, हे वृत्त बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु आत्म्याच्या अमरत्वाच्या विचारात वाढलेले भारतीय मन त्याचा अर्थ स्वाभाविकपणेच असा लावते की, देह नाश पावला तरी आत्मा उरतो, याचाच हा आणखी एक दाखला होय. वस्तुतः या दोन कल्पनांत फार अंतर आहे. अमर आत्म्याला मृत्यू शिवूच शकत नाही. पुनरुत्थानात मात्र मृत्यू खरा असतो, पराभवही खरा असतो. जे खरोखर मेले तेच देवाच्या कृतीने नवे होऊन उठते. म्हणूनच बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे सामर्थ्य आणि त्याच्या दुःखांतील सहभाग यांचा उच्चार एकाच वाक्यात करतो. ही सांगड सुटली की पुनरुत्थान हा केवळ मरणोत्तर सांत्वनाचा विषय होऊन बसतो.

स्वतंत्र भारतात या सांगडीचा विचार विशेष निष्ठेने झाला तो बंगलोर, म्हणजे आजच्या बंगळुरू, येथे. १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज तेथे होतेच. १९५७ मध्ये त्याच मिलर्स रोडवर ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी या संस्थेचे कार्य सुरू झाले आणि पॉल डेव्हिड देवानंदन तिचे संचालक झाले. १९३२ पासून सतरा वर्षे त्यांनी उपर्युक्त महाविद्यालयात अध्यापन केले होते, आणि अद्वैत वेदान्तातील मायेच्या संकल्पनेवर ग्रंथ लिहिला होता. त्यांच्याआधी मद्रासचे पी. चेंचय्या यांनी पुनरुत्थित ख्रिस्त हा नव्या मानवतेचा आरंभ आहे, असे प्रतिपादन केले होते. देवानंदन यांनी ‘नवी सृष्टी’ हा शब्द आपल्या चिंतनाच्या केंद्रस्थानी आणला, पण त्याला इतिहासाची जोड दिली. देव जुने मोडून टाकून त्या जागी दुसरे ठेवतो असे नव्हे, तर जे आहे त्यालाच नवे करतो, आणि हे कार्य ख्रिस्ती मंडळीच्या कुंपणाबाहेरही चालू असते, असा त्यांचा विश्वास होता. १९६१ च्या अखेरीस नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात त्यांनी भाषण केले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून संस्थेची धुरा एम. एम. थॉमस यांच्याकडे आली. त्यांच्या तरुणपणीची हकीकत येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी दोन ठिकाणी अर्ज केले होते: मार थोमा चर्चकडे धर्मगुरूपदाच्या दीक्षेसाठी आणि कम्युनिस्ट पक्षाकडे सभासदत्वासाठी. मार्क्सवादी विचारांमुळे चर्चने त्यांना नाकारले, ख्रिस्ती श्रद्धेमुळे पक्षाने. दोन्ही दारे बंद झाल्यावर मनुष्य कडवट होतो किंवा कोणा एकाशी तडजोड करतो. थॉमस यांनी यांपैकी काहीच केले नाही. न्यायासाठी लढणाऱ्याचा सर्वांत चिवट शत्रू त्याच्या आतच असतो. आपण न्यायाच्या बाजूचे आहोत या जाणिवेतून उपजणारा अहंकार हाच तो शत्रू होय, हे सूत्र त्यांच्या पुढील लेखनात वारंवार येते. क्रूस हा अहंकार उघडा पाडतो. पण उघडा पडलेला मनुष्य तेथेच खचून राहिला तर त्याचा समाजाला काय उपयोग? क्षमा पावून पुन्हा कामाला लागण्याचे बळ पुनरुत्थान देते, असे थॉमस यांच्या विचाराचे सार सांगता येईल.

मनाशी चालणाऱ्या या अहोरात्र झगड्याची ओळख तुकारामांच्या वाचकाला नव्याने करून द्यावयास नको. पंडिता रमाबाईंच्या चरित्रातही तो दिसतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. तो अनुभव येण्यास सुमारे आठ वर्षे लागली. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा मरण पावली. त्यानंतरही केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालूच राहिले, आणि ते हातावेगळे करूनच एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला.

बंगलोरच्या या विचाराला विरोध झाला नाही असे नाही. थॉमस यांचे ‘सॅल्व्हेशन अँड ह्युमनायझेशन’ हे पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मद्रासचे बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्याशी त्यांचा वाद झाला. हिंदू समाजात राहूनच, निराळ्या जमातीत न शिरता, ख्रिस्तकेंद्री बंधुभाव नांदू शकतो, असे थॉमस यांचे म्हणणे होते. असा बंधुभाव दृश्य मंडळीचे रूप घेतल्यावाचून राहणार नाही, असे न्यूबिगिन म्हणत. तर्काच्या दृष्टीने न्यूबिगिन यांची बाजू अधिक भक्कम वाटते. परंतु स्वतःचे अस्तित्व राखण्यातच गुंतलेली अल्पसंख्य जमात मरून उठण्याची भाषा कोणत्या तोंडाने बोलणार, हा थॉमस यांच्या मुद्द्यामागील प्रश्न त्याने निकालात निघत नाही. आणीबाणीत त्याची परीक्षा झाली. १९७५ ते १९७७ या काळात पुष्कळशा चर्चनेत्यांनी मौन पाळले, काहींनी सरकारची भलावणही केली. थॉमस यांनी मात्र निषेधाचे लेखन केले. ते १९७९ मध्ये ‘रिस्पॉन्स टू टिरनी’ या नावाने ग्रंथरूपात आले.

तथापि या सर्व चिंतनात एक उणीव होती, आणि ती बंगलोरातच दाखवून दिली गेली. एप्रिल १९८१ मध्ये युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील केरी सोसायटीपुढे महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येविषयी व्याख्यान दिले. दलित ईश्वरविद्येचा आरंभ पुष्कळजण त्या भाषणापासून मानतात. भारतीय ख्रिस्ती चिंतनाने वेदान्ताशी दीर्घ संवाद केला, पण ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले त्यांच्या यातनांची दखल घेतली नाही, असा निर्मळ यांचा आक्षेप होता. त्यांच्या दृष्टीने क्रुसावरचा, देवानेही टाकलेला येशू हा दलितच होय. योहानाच्या शुभवर्तमानातील एक तपशील या ठिकाणी ध्यानात घेण्यासारखा आहे. जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला उठलेला येशू आपले हात आणि कूस दाखवतो. मार थोमा चर्च याच थोमाचे नाव धारण करते. त्या प्रसंगी येशू पुनरुत्थित झालेला आहे, आणि खिळ्यांचे व्रण त्याच्या हातांवर तसेच आहेत.