ट्रॉलीच्या पाठीवरचा लाल दिवा



गळीत हंगाम सुरू झाला, की आमच्याकडे, म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात, रस्त्यांचं रूपच पालटतं. ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावत राहतात. एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन-दोन. या दिवसांत अंधार पडल्यावर दुचाकीवरून गावाकडे निघालेल्या माणसाची घरचे वाट का पाहत बसतात, ते या भागातल्या कुणालाही विचारा. ट्रॉलीला मागून धडकून कुणी गेल्याची बातमी दर हंगामात वाचावी लागते.

दुचाकी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर ती एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत २०-२५ मीटर जातात आणि गाडी थांबायला आणखी तेवढेच. डिपरच्या उजेडात उसानं भरलेली काळपट ट्रॉली ३०-४० मीटरवर आल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणजे दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. समोरून एखाद्या मोटारीचा झोत डोळ्यांवर आला, तर तेवढंही अंतर मिळत नाही.

मी गेली ३० वर्षं ट्रॅक्टर आणि मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. ट्रॉलीचा दिवा लागत नाही म्हणून गिऱ्हाईक आलं, की आधी नवा बल्ब मागतं. बल्ब क्वचितच गेलेला असतो. बिघाड असतो तो जोडात, ट्रॅक्टर संपून ट्रॉली सुरू होते तिथे.

बहुतेक ट्रॅक्टरला मागे सात पिनांचं गोल सॉकेट असतं. डावी साइड, उजवी साइड, ब्रेक, मागचे डावे-उजवे लाल दिवे, एक जादा दिव्यासाठी आणि एक अर्थची, अशा त्या सात. पण हंगाम मध्यावर आला की सॉकेटचं झाकण तुटलेलं, आत माती, आणि प्लग तर गायबच. मग दोन तारा सोलून पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची आणि निघायचं. ती टेप दोन खेपांत सुटते.

यात सगळ्यात दुर्लक्षित असते ती अर्थची तार. पुष्कळ जण ती ओढतच नाहीत. ट्रॉली लोखंडाची, हुक लोखंडाचा, मग तार कशाला, असा हिशोब. पण हुकाच्या कडीत ग्रीस असतं, गंज असतो, माती असते आणि खड्ड्यागणिक ती कडी उडत असते. परतीची वाटच अशी तुटक असली तर करंट जाणार कुठून? उजवी साइड लावली आणि मागचे सगळे दिवे मिणमिणायला लागले, तर खुशाल समजावं की अर्थ गेली. दोन ट्रॉल्या असतील तर अशा दोन कड्या. तेव्हा ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून शेवटच्या दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र तार हवीच.

ब्रिटनमध्ये मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली ओढत सहलीला जातात. तिथे बरीच वर्षं सात-सात पिनांचे दोन प्लग असत. एक रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, दुसरा आतल्या फ्रीज-बॅटरीसाठी. साधारण २००८पासून नव्या कॅरॅव्हॅनना दोन्हींऐवजी १३ पिनांचा एकच प्लग येऊ लागला. त्यात दिव्यांची अर्थ वेगळी, फ्रीजची वेगळी, बॅटरीची वेगळी. आपल्याला उसाबरोबर फ्रीज न्यायचा नाही. सात पिना पुरेत. पण अर्थची ती काळजी मात्र घेण्यासारखी आहे.

आता तारेची जाडी. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा. दोन मिळून साडेतीन अँपिअर करंट घेतात. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेवटापर्यंत धरा १५ मीटर, जाऊन-येऊन ३० मीटर तार. ती एक चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे १.८ व्होल्ट खर्ची पडतात, आणि बल्बचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घातली, तर घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. गंमत पाहा, ट्रॅक्टरवरच्या गाण्याच्या साउंडला पोरं स्वतःहून जाड वायर मागतात. गाणं पुढच्या गावाला ऐकू जातं, लाल दिवा मात्र मागच्या माणसाला दिसत नाही!

आणखी एक खोड. पहिल्या ट्रॉलीच्या मागे सॉकेटच बसवलेलं नसतं. मग दुसरी ट्रॉली आंधळी. रस्त्यावर मागून दिसते ती नेमकी हीच. नवीन वायरिंग करताना पहिल्या ट्रॉलीच्या फाळक्याखाली सॉकेट घ्यावंच, तोंड खाली आणि झाकण स्प्रिंगचं. शेवटचे दिवे मात्र उसाच्या लोंबत्या वाढ्यांनी झाकणार नाहीत अशा जागी हवेत. केबलला वळणापुरती सैल द्यावी, पण जमिनीवर लोंबू देऊ नये. ट्रॉली सोडली, की प्लग अडकवायला दांडीवर एक रिकामा होल्डर ठेवावा. नाहीतर कारखान्याच्या यार्डात तो चिखलात पडतो आणि मागच्या ट्रॅक्टरचं चाक त्यावरून जातं.

एलईडी दिवे बसवले तर उत्तम. करंट फारच कमी लागतो, धक्क्यांनी फिलामेंट तुटायचा प्रश्न नाही. फक्त जुना फ्लॅशर बदलून एलईडीला चालणारा घ्यावा, नाहीतर साइड नीट मिचकत नाही. आणि मागे निळे-हिरवे लावण्याची हौस आवरावी.

कोणी म्हणेल, कारखाना रिफ्लेक्टर देतो की! द्यावाच, आणि लावावाच. पण रिफ्लेक्टर मागच्याच्या उजेडावर जगतो. चिखलानं माखला की तोही गेला. ट्रॉली थांबते आहे की वळते आहे, हे त्याला सांगता येत नाही.

खर्च म्हणाल, तर ट्रॉलीच्या एका नव्या टायरपुढे तो किरकोळ आहे. अडतं ते दुसरीकडेच. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, चालवणारा तिसरा. मधली केबल कुणाची? माझं मत विचाराल तर ट्रॅक्टरमालकाची. भाड्याची ट्रॉली जोडतानाच त्यानं प्लग लावून, एकाला मागे उभं करून डावी, उजवी, ब्रेक, टेल बघून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो. धुताना प्रेशरचं पाणी सॉकेटमध्ये शिरतं, त्या दिवशी ते झाकून घ्या. शिरलंच तर झाकण उघडून उन्हात वाळू द्या, पिना घासून घ्या आणि वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.