वागळे इस्टेटचा नळ आणि नदीतला महसीर

आज वागळे इस्टेटमधून बोलतोय, आणि विषय आहे मासे. नाही नाही, सुरमई-पापलेट नाही. नदीतले, गोड्या पाण्यातले मासे.

आता तुम्ही म्हणाल, वागळेत नदी कुठे? नळ उघडा ना. ठाण्याच्या पाण्यातला एक मोठा वाटा उल्हास नदीतून येतो. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती आपल्या वागळे इस्टेटपासून, आणि त्याच एमआयडीसीने पुढे कारखान्यांसाठी बारवी धरण बांधलं. बारवी ही उल्हासचीच उपनदी. आणि गंमत बघा, मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला वीज तयार करून उल्हासमध्येच येतं. म्हणजे घाटावरचं पाणी, कोकणातली नदी आणि आपला नळ, सगळं एकाच साखळीत.

या सह्याद्रीतल्या नद्यांचा राजा म्हणजे महसीर. मोठे खवले, दणकट अंग, वाहत्या पाण्याची आवड. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावात आपलाच 'खुद्री' शब्द ठेवला. पुढे धरणं, सुरुंग लावून मासेमारी आणि घाण पाणी यांनी त्याची वाट लावली.

तो टिकला कसा? भागीदारीमुळे.

पहिली भागीदारी गाव आणि देवाची. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात, आणि महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीत, देवाचे मासे म्हणून महसीरला कोणी हात लावत नाही. कायदा नाही, पहारेकरी नाही, फक्त श्रद्धा. तरी मासे आहेत.

दुसरी भागीदारी कंपनी आणि शास्त्रज्ञांची. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे १९७०च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरचं कृत्रिम प्रजनन जमवलं. लाखो पिल्लं तयार झाली, वेगवेगळ्या राज्यांना दिली गेली. २०२० मध्ये बातमी आली की निळ्या परांचा हा महसीर आययूसीएनच्या 'धोक्यात' या यादीतून बाहेर पडला.

टाळ्या? थांबा जरा. हीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथला स्वतःचा महसीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला. आपला महसीर तिथे पसरला आणि तो मागे पडत गेला. २०१८ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. हेतू चांगला होता, सगळे प्रामाणिक होते. पण मासा वाढवणं आणि नदी वाचवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण माशाला नुसतं पाणी पुरत नाही. त्याला खडी-गोट्यांचा तळ लागतो, वाहतं पाणी लागतं, वर चढायला मोकळी वाट लागते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात ना, ते अंडी घालायला निघालेले असतात. नेमके तेव्हाच आपण जाळी लावतो! वाळू उपसली, मध्ये बंधारा घातला, वालधुनीसारख्या नाल्यागत झालेल्या नदीतून घाण सोडली, तर हॅचरीतली पिल्लं टाकायची कुठे?

म्हणून उल्हाससाठी तिसरी भागीदारी हवी. कर्जत-बदलापूरचे मासेमार आणि आदिवासी, ज्यांना कुठल्या डोहात काय आहे ते पाठ असतं. कारखाने आणि महापालिका, ज्यांच्या हातात सांडपाणी आहे. कॉलेजची पोरं, जी नोंदी ठेवू शकतात. आणि आपण, पाणी पिणारे.

आपण काय करायचं? तीन साध्या गोष्टी. एक, टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीत, तलावात सोडू नका. सकरमाउथ असेच पसरलेत. दोन, पहिल्या पावसातले गाभोळीचे मासे घेणं टाळा. तीन, नदीवर सहलीला गेलात तर दिसलेल्या माशाचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला दाखवा.

तिळश्याच्या लोकांनी डोह राखला कारण तो त्यांना आपला वाटला. उल्हास तर रोज आपल्या घरात येते. ती आपली वाटायला अजून काय हवं?

भेटू पुढच्या भागात. तोवर, तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं ते शोधून आम्हाला नक्की कळवा!